लोकलमध्ये टकळी

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वाती वळताय का हो?"

बाईच्या हातात कापूस दिसला की आपल्याकडे वातीच आठवणार. मी म्हणते, "नाही, सूत काततेय," आणि पुन्हा टकळीकडे, म्हणजे बोटांनी फिरवून सूत काढायच्या काडीकडे बघते. एवढंच. सहा वर्षांपूर्वी याच प्रश्नावर मी ठाण्यापर्यंत बोलत सुटायचे: कापूस, खादी, गिरण्या, विदर्भातला शेतकरी. विचारणारी बिचारी मान डोलवायची आणि मुलुंड आलं की कानात इअरफोन घालायची. एकदा घसा बसला होता म्हणून नुसती कातत बसले, तर त्या दिवशी तीन जणींनी टकळी हातात मागितली. तेव्हापासून तोंड कमी चालवते.

मी डोंबिवलीची, म्हणजे नोकरीमुळे डोंबिवलीची. माहेर वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीकडचं. फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब बघते. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरते, त्यामुळे खिडकी नाही तरी बसायला मिळतं आणि सीएसएमटीपर्यंत सव्वा तास हात मोकळे असतात. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टकळी होती, पण धागा तुटला की हातावर पट्टी बसायची, म्हणून सातवीनंतर मी तिचं नाव काढलं नाही. मग एका जुलैत, भाच्याच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी वर्ध्याहून मागवलेली टकळी आणि पेळूंचा, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्यांचा, पुडा माझ्या पर्समध्ये होता. रुळांवर पाणी भरलं, गाडी कळव्याच्या अलीकडे दोन तास उभी, फोन मेलेला. हाताला सगळं आठवत होतं. पट्टीसुद्धा.

खाली लिहिलंय ते ज्यांना थोडंफार कातता येतं आणि चारचौघांत कातून बघायचंय त्यांच्यासाठी. क्रोशेवाल्यांना आणि विणकामवाल्यांनाही यातलं बरंच चालेल. गोधडीवाल्यांनी मात्र बागेत जावं. चौथ्या सीटवर बसून वाकळ पसरली तर डब्यात काय ऐकावं लागेल ते मी इथे लिहू शकत नाही.

पिशवीत काय हवं

शाळेतली टकळी म्हणजे पितळी चकती, लोखंडी सळई, साधारण 7 इंच लांब, वरच्या टोकाला आकडा. घरी ती उत्तम. गर्दीत मात्र तिचं टोक कुणाला तरी लागतं, आणि मॉलच्या दारात बॅगेच्या यंत्रात ती सळई काय दिसते देव जाणे, मला दोनदा बाजूला घेऊन पर्स उघडायला लावली. प्रवासाला बांबूची काडी बरी. चकतीच्या जागी काहीही जड आणि गोल चालतं, फक्त भोक बरोबर मध्यावर पाहिजे, नाहीतर टकळी लंगडते.

माझ्याकडे आजोबांची एक टकळी आहे, भोकाच्या पैशांची. 1943 ते 1947 या काळात मधोमध भोक असलेला एक पैसा निघत असे. तसे चार पैसे बांबूच्या काडीत गच्च बसवलेत. ही टकळी काढली की सत्तरीपुढच्या आज्या आधी पैसा ओळखतात, मग टकळी. मला तोंड उघडावंच लागत नाही. तुमच्या घरी पत्र्याच्या डब्यात असले पैसे पडले असतील तर शोधा.

मेडिकलच्या दुकानातला कापूस घेऊ नका. नव्वद टक्के लोक तिथेच हरतात. तो धुऊन धुऊन त्याचा मेणचटपणा काढलेला असतो आणि तंतूही आखूड असतात. वातीला तो चालतो, कातायला लागलात की तुटत राहतो आणि आपल्याला वाटतं आपल्याच हातात दोष आहे. नीट पिंजून वळलेले पेळूच घ्या. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, तिथेच गोपुरीत ग्राम सेवा मंडळ आहे, दोन्ही खादीचं काम करणाऱ्या संस्था, तिकडे कुणी जाणारं असेल तर सांगून ठेवा. मी वर्षातून एकदा माहेरी जाते तेव्हा पुडेच्या पुडे आणते आणि चपातीच्या डब्यात ठेवते, म्हणजे पर्समध्ये चेपत नाहीत. पेळू चेपला की मेला.

अर्धी करवंटी, आतून गुळगुळीत घासलेली. टकळीचं खालचं टोक तिच्यात टेकवायचं. स्टीलची वाटी आणू नका, ती कर्रकर्र वाजते आणि सकाळी झोपणाऱ्या बायका वैतागतात.

मांडीवर गडद रंगाचा रुमाल. माझा जांभळा आहे. कापसाची कुसं साडीला चिकटत नाहीत हा एक फायदा, पण खरं कारण वेगळं: पांढरा धागा गडद कापडावर समोरच्या सीटवरून दिसतो. फिकट ड्रेसवर कातत बसलात तर लोकांना वाटतं तुम्ही बोटं मोडताय.

आणि दुसरी टकळी. ही विसरलात तर बाकी सगळं आणून उपयोग नाही. का ते पुढे येईलच.

बसायचं कुठे, काढायची कधी

उभ्याने नाही. दाराशी तर नाहीच. घरी आपण टकळी लोंबती सोडतो, गाडीत ती कायम करवंटीत टेकलेली हवी आणि धागा हातभरच ओढायचा. कोपर बाहेर काढायचं नाही, ते शेजारणीच्या बरगडीत जातं. पेळू डाव्या हातात, छातीपाशी. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी काडीला पीळ द्यायचा, चुटकी वाजवल्यासारखा, आणि डावा हात वर तिरका न्यायचा. लांब धागा काढून दाखवायचा मोह होतो, विशेषतः कुणी बघत असेल तेव्हा. टाळा.

माझी एकदा ठाण्याला पडली. आत शिरणारा लोंढा मांडीवर आला, टकळी उडाली आणि सीटखालून घरंगळत कुठे गेली कळेना. मी "अहो, माझी टकळी" म्हटलं, शेजारणीने "टकळी पडली" म्हटलं, पुढे ते "चकली पडली" झालं. भांडुपला ती हातोहात परत आली. तिच्याभोवती चिकटलेला केसांचा गुंता, शेंगदाण्याचं साल आणि डब्यातल्या प्रत्येकीचा प्रश्न. जाहिरात म्हणून असं मुद्दाम करा असं मी सांगणार नाही. त्यानंतर मी ठाणं येताना टकळी मुठीत धरते आणि गाडी हलली की पुन्हा सुरू करते. तुमच्या मार्गावरचं ठाणं कुठलं ते तुम्हाला माहीतच असेल.

पावसाळ्यात घाबरू नका. हवेत दमटपणा असला की कापसाचा धागा कमी तुटतो. मे महिन्यात आर्वीला दुपारी कातायला बसलं की दर वितीला तुटायचं, आई पाण्याचं भांडं शेजारी ठेवायची. मुंबईची हवा या एका बाबतीत माहेरापेक्षा बरी. मात्र पेळूवर पाणी उडू देऊ नका, भिजला की त्याचा गोळा होतो.

लोकल नसेल तर? बँकेतली रांग चांगली, कारण तिथे लोकांना बघायला दुसरं काही नसतं. दवाखान्यात बाहेर बसलेले लोक काळजीत असतात, तिथे कुणी विचारलं तरच बोलायचं. एसटीत मागच्या सीटवर बसू नका, खड्डे आहेत. बागेत कातायला सगळ्यात सोपं आणि लोक यायला सगळ्यात अवघड, कारण बागेत प्रत्येक जण चालायला आलेला असतो आणि चालणारा माणूस थांबत नाही.

तुटलेला धागा

सुरुवातीला मला वाटायचं, आपलं सूत एकसारखं बारीक येईल तेव्हाच लोकांसमोर कातावं. हे उलटं आहे. सफाईने कातणाऱ्या बाईकडे लोक टीव्हीकडे बघतात तसे बघतात. धागा तुटला की मात्र समोरचीच्या तोंडून "अरेरे" येतं. ते "अरेरे" आलं की ती तुमची झाली. मी तेव्हा घाई करत नाही. रुमालावर ती दोन टोकं तशीच ठेवते.

मग जोडून दाखवायचं. गाठ मारायची नाही. काडीवरच्या सुताचं टोक दोन बोटं उकलून पिंजल्यासारखं मोकळं करायचं, पेळूच्या तोंडाशी तंतू थोडे बाहेर ओढायचे, एकावर एक ठेवून हलकं दाबायचं आणि टकळीला एक पीळ. पीळ वर चढतो आणि जोड दिसेनासा होतो. दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "परत करा." मी परत तोडते.

तुमचं सूत जाडंभरडं असेल, मध्येच गाठाळ असेल, तरी लपवू नका. बघणारीला वाटलं पाहिजे की हे मलाही जमेल, निदान हिच्याइतकं तरी.

दोघींचा एक धागा

आता दुसरी टकळी.

कुणी "बघू?" म्हणालं की आपण आपली चालू टकळी देतो. ती धागा तोडते, ओशाळते, "सॉरी सॉरी" म्हणत परत देते आणि पुन्हा कधी मागत नाही. मी अशा निदान वीस जणी गमावल्या असतील. म्हणून दुसऱ्या टकळीवर घरूनच हातभर पक्कं सूत गुंडाळून आणते आणि ती देते. तोडायला, पाडायला, उलटी फिरवायला.

कातण्यात दोन कामं एका वेळी असतात, पीळ देणं आणि ओढणं, आणि नवख्या माणसाला दोन हातांना दोन कामं जमत नाहीत. म्हणून ती वाटून घ्यायची. पहिल्यांदा टकळी तिच्या हातात आणि पेळू माझ्या. ती फक्त फिरवते, मी ओढते. फिरवायचं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि एकदा धरली ती दिशा सोडायची नाही. नव्वद वेळा इथेच घोटाळा होतो: दोनदा सुलटं फिरवून तिसऱ्यांदा उलटं फिरवतात, पीळ उकलतो, धागा विरघळल्यासारखा सुटतो. ओरडायचं नाही. "सुटला का? मग कुठल्या बाजूने फिरवला?" एवढं विचारलं की तिचं तिलाच कळतं.

दोन स्टेशनं झाली की अदलाबदल. टकळी मी फिरवते, पेळू तिच्याकडे. पेळू चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धरायचा, हे माझ्या आजीचं सांगणं, आणि याहून चांगलं मला आजवर सापडलं नाही. बहुतेक जणी तो रिक्षाचा दांडा धरल्यासारखा आवळतात. मी टकळीला पीळ देते आणि म्हणते, "आता हात हळूच मागे घ्या." बोटांतून कापूस निसटून धागा होताना पहिल्यांदा जाणवतो ना, तेव्हा माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. एका पोलीस बाईंनी तर "ए, ए, ए, झालं, झालं!" असं ओरडून अख्खा डबा जागा केला होता.

पीळ पुरेसा आहे का बघायचं तर धागा थोडा सैल सोडायचा. स्वतःभोवतीच वळून त्याच्या अढ्या पडल्या तर पीळ जास्त, नुसता ओघळून सुटायला लागला तर कमी. हे मात्र मी पहिल्या दिवशी सांगत नाही. पहिल्या दिवशी घाटकोपर ते दादर एवढाच वेळ द्यायचा आणि आपणच थांबायचं. अजून हवं असताना काढून घ्यावं, जेवणातल्या शिऱ्यासारखं.

मुलांना आधी टकळी भोवऱ्यासारखी करवंटीत नुसती फिरवू द्या. सूत वगैरे नंतर.

विचारतील ते

"किती मिळतात याचे?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. खरं उत्तर द्या. एक गुंडी म्हणजे 1000 मीटर सूत. मला गाडीत सव्वा तासात जेमतेम 40 मीटर होतं, म्हणजे रोजची सकाळ धरली तर महिन्याला एक गुंडी. मध्यम जाडीच्या खादीच्या एका चौरस मीटरला 4 गुंड्या तरी लागतात. त्यामुळे मी चार महिने कातते तेव्हा एक मोठा टॉवेल होतो. बायका हसतात. हसू द्या. पण त्यानंतर बऱ्याच जणी आपल्याच ओढणीचं टोक बोटांत धरून बघतात, ते मी पाहिलंय.

"तुम्ही गांधीवादी का?" याच्यावर दोनदा डब्यात भांडणं झालीयेत, माझ्या डोक्यावरून. आता मी एक गोष्ट सांगते. गांधीजींनासुद्धा कातता येत नव्हतं. ते मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात उतरायचे, तेव्हा पेळू करून देणारा माणूस मिळेना. खालून रोज एक पिंजारी जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्यालाच वर बोलावलं. त्याने दाम भरपूर मागितले आणि गांधीजींनी दिले. त्याच घरात गांधीजींच्या सहकारी अवंतिकाबाई गोखल्यांसारख्या बायका कातायला शिकल्या, आणि शिकवणाऱ्या होत्या पैसे घेऊन सूत कातणाऱ्या दोन साध्या बायका. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तो टणत्कार आमच्या पिढीपर्यंत गल्लीत ऐकू यायचा. हे सांगितलं की भांडण विसरून प्रत्येकीला आपापल्या गल्लीतला पिंजारी आठवतो. मणिभवन ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, तेही सांगून ठेवते.

एखादी फारच हिणवायला लागली तर माझ्याकडे आणखी एक आहे: 1924 साली बेळगावच्या अधिवेशनात ठरलं होतं की काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला 2000 वार सूत द्यायचं. माझं 1000 मीटर. म्हणजे मलाही सभासद करून घेतलं नसतं. ती सक्ती पुढच्याच वर्षी सुटली.

"वेळ बरा मिळतो तुम्हाला." याला उत्तर नाही. शेजारी मेथी निवडत बसलेली असतेच, तिच्याकडे बघून हसायचं.

कुणी न विचारता व्हिडिओ काढायला लागलं तर मी टकळी पुढे करते, "आधी फिरवून बघा, मग काढा." अर्धे फोन खाली जातात.

आणि म्हातारी माणसं. त्यांना काही शिकवू नका. "आमच्या शाळेत होती ही" म्हणणारी व्यक्ती भेटली की टकळी सरळ त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. एकदा दादरला चढलेल्या एक आजी, काठी टेकत आलेल्या, वर्ध्याकडच्याच निघाल्या. "काय करून राह्यली व बाई? टकळी होय का?" मी दिली. हात थरथरत होते, काडीला पीळ दिला तेव्हा थरथर थांबली. भायखळ्यापर्यंत त्यांनी माझ्यापेक्षा बारीक सूत काढलं आणि मला सांगितलं, "तुह्या हातात घाई हाये." खरंच आहे. अशाच एक काकू म्हणाल्या की त्यांचे सासरे टकळीवर जानव्याचं सूत काढायचे आणि चार बोटांभोवती 96 वेढे मोजायचे, पण त्यांना स्वतःला टकळीला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोन स्टेशनं मनसोक्त फिरवली.

सुताचं काय करायचं

वाटून टाका, पण लगेच नाही. पुठ्ठ्यावर गुंडाळत राहा. ज्येष्ठात वटपौर्णिमेच्या आधी डब्यात मागणी येते: "तुमचं सूत द्याल का हो वडाला?" तेव्हा मी म्हणते, देते, पण निम्मं तुम्ही कातायचं. गेल्या वर्षी सात जणींनी कातलं. दोघींचं फेरे घालताना तिसऱ्याच फेऱ्याला तुटलं आणि त्यांनी मला सोमवारी चांगलं सुनावलं. मी पीळ कमी पडल्याचं दाखवलं. त्यातली एक आता नियमित कातते, दुसरी मला बघितलं की पुढच्या डब्यात चढते.

दसऱ्याला गाडीची पूजा करतात तेव्हा आमच्या डब्यात तोरणाखाली टकळ्याही ठेवतो. पहिल्या वर्षी एक होती. आकडा सांगत नाही, नजर लागेल.

उतरताना

मशीद आलं की थांबा. हातातला धागा काडीवर गुंडाळून आकड्यात अडकवा, उरलेला पेळू डब्यात, करवंटी रुमालात. रुमाल आपल्या मांडीवरच झटका, शेजारणीच्या दिशेने नको. उघडी टकळी हातात धरून गर्दीत उतरू नका. दुसरी टकळी परत आली का ते बघा. नसेल आली तर डबाभर शोधत फिरू नका, उद्या घरून आणखी एक आणा. माझ्या आतापर्यंत पाच गेल्यात, आणि पाचव्या वेळी करवंटीही गेली.